खाडी : दार की अडसर?

आमच्या मैलूरहून समुद्र किती दूर? नकाशावर पट्टी ठेवून पाहिले तर बीदर आणि दाभोळ ही दोन्ही गावे जवळजवळ एकाच अक्षांशावर येतात. घराच्या ओट्यावर उभे राहून मावळतीकडे तोंड करावे आणि नाकासमोर चालत सुटावे, तर साडेचारशे किलोमीटरवर दाभोळच्या बंदरात पाय भिजावेत, इतका सरळ मामला आहे. प्रत्यक्षात मोटारीच्या रस्त्याने हे अंतर सहाशेच्या आसपास जाते आणि वेळ किती लागेल ते सांगण्याची हिंमत मी करणार नाही. त्याचे कारण पुढे येईलच.

वाणिज्य शिकवणाऱ्या माणसाने महामार्गावर, आणि तोही समुद्रकाठच्या महामार्गावर लिहावे, हा काहींना आगाऊपणा वाटेल. आमच्या जिल्ह्याला समुद्र कुठला? खरे तर १९५६ पर्यंत आमच्या राज्यालाही नव्हता. भाषावार प्रांतरचनेत आम्ही हैदराबाद राज्यातून आणि कारवार मुंबई राज्यातून, असे एकाच मुहूर्तावर म्हैसूर राज्यात आलो. तेव्हापासून कागदोपत्री कारवारपासून मंगळूरपर्यंतचा किनारा आमचाही झाला. पण बीदर हा राज्याचा मुकुट, असे म्हणण्याची पद्धत आहे, आणि मुकुटाला पाय भिजण्याचा योग क्वचितच येतो. आमच्या वर्गातील निम्म्याहून अधिक मुलांनी समुद्र सिनेमातच पाहिलेला असतो. मीही त्यातलाच होतो. पहिल्यांदा पाहिला तो अक्काच्या आजारपणात, आणि तोही रात्री.

अक्का दाभोळला असते. दाजी उदगीरचे. लातूर, नांदेडकडची कितीतरी डी. एड. झालेली मुले कोकणात जिल्हा परिषदेच्या शाळांवर शिक्षक म्हणून गेली आणि तिथून बदलीचे अर्ज करीत राहिली, हे आपल्या भागात घरोघरी माहीत आहे. त्यांतलेच एक आमचे दाजी. अक्का आठ दिवस तापाने अंथरुणाला खिळली आहे असे कळल्यावर अप्पांच्या घशाखाली घास उतरेना. आम्ही दोघे निघालो. सोलापूर, कऱ्हाड, मग कुंभार्ली घाट उतरून चिपळूण. तिथे कुणीतरी शहाण्याने सांगितले, खेड-दापोलीच्या फेऱ्याने कशाला जाता, गुहागरवरून धोपाव्याला जा, समोरच दाभोळ आहे. सल्ला चुकीचा नव्हता. फक्त शेवटची फेरीबोट केव्हा सुटते ते त्याने सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. खाडीला बोटीची वेळ असते, हे बीदरच्या माणसाला कुठून सुचणार?

धोपाव्याच्या धक्क्यावर पोचलो तेव्हा बोट पलीकडे जाऊन नांगरलेली होती. समोर दाभोळचे दिवे. मध्ये दहा-पंधरा मिनिटांचे पाणी. अप्पांनी बराच वेळ पाहिले आणि मला विचारले, "समोर दिसायलंय की रे. मग जायाला का येईना?" मी त्यांना भरती-ओहोटी, बोटीचे वेळापत्रक असे काहीबाही समजावले. धक्क्यावरचा टपरीवाला म्हणाला, "आता उद्या सकाळीच हो. नाहीतर परत चिपळूण, खेड, दापोली करून या." तो वळसा शंभर किलोमीटरहून कितीतरी अधिक होता आणि त्या वेळी गाडी मिळणार नव्हती. त्याने फळ्या टाकून आम्हाला आडवे होऊ दिले, पैसे घेतले नाहीत. अप्पा आडवे झाले नाहीत. रात्रभर त्या दिव्यांकडे पाहत बसून राहिले. एकेक दिवा विझत गेला तसे मला विचारीत, "त्यातलं घर कोणतं असंल?" आता त्यांना काय सांगावे?

त्या रात्री मी जे विचार केले ते पुढे वाचनाने पक्के झाले, म्हणून हा लेख.

आपण ज्या शहरात राहतो ते एके काळी बहमनी राज्याची राजधानी होते, हे आपल्याला शाळेत पाठ करून घेतलेले असते. चौबाऱ्याजवळच्या मदरशापुढून आपण रोज जातो. तो मदरसा १४७२ साली बांधणारा ख्वाजा महमूद गवान कुठून आला? इराणच्या गिलान प्रांतातून समुद्रमार्गे निघून १४५३ साली तो उतरला तो दाभोळला. व्यापारी म्हणून उतरला आणि तिथून बीदरला आला. पुढे वजीर झाला आणि १४८१ साली सुलतानाच्याच हुकुमाने मारला गेला, तो भाग निराळा. त्याच्याच काळात रशियातील त्वेर शहराचा अफानासी निकितिन नावाचा व्यापारी १४६९च्या सुमारास चौलला उतरला, पावसाळा जुन्नरला काढून बीदरला आला, बरोबर आणलेला घोडा इथे विकला, आणि काही वर्षे दख्खनमध्ये हिंडून परतीला दाभोळहूनच गलबतात बसला. त्याने लिहून ठेवले आहे की दाभोळ हे फार मोठे बंदर असून तिथे मिसर, अरबस्तान, खुरासानहून घोडे येतात आणि तिथून जमिनीने महिनाभरात बीदरला आणि कलबुर्गीला पोचता येते. आपल्याकडच्या आळंदच्या घोडेबाजाराचीही त्याने नोंद केली आहे, असे अभ्यासक मानतात. (मंगळवेढ्याचा विठू दामाजीपंतांसाठी बेदरला आला तो कोणत्या वाटेने, हे मात्र त्या कथेत कुणी विचारीत नाही. देवाला वाट लागत नसावी.)

म्हणजे पाचशे वर्षांपूर्वी बीदरला समुद्र होता. राज्याचे दार पश्चिमेला होते आणि त्या दाराचे नाव दाभोळ. याच दाराशी १५०८ साली पोर्तुगीज गव्हर्नर आल्मेदाने जाळपोळ केली, कारण दार कुठे आहे ते त्यालाही ठाऊक होते.

आता मुद्द्याकडे येतो. त्या काळी वाटा पश्चिमेकडून पूर्वेकडे जात. गलबत खाडीत शिरे, माल उतरे, बैल आणि घोडे घाट चढत. त्या वाटेच्या माणसाला खाडी म्हणजे उघडे दार. किनाऱ्याच्या गावाहून किनाऱ्याच्याच दुसऱ्या गावाला जायचे तर समुद्र हाच रस्ता. इंग्रजी अमदानीत आगबोटी आल्या तरी हा हिशेब बदलला नाही. मुंबईहून कोकणी माणूस बोटीने आपापल्या बंदरावर उतरे. त्या रस्त्यालाही त्याची संकटे होती. १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली. पण रस्ता होता. मग मोटारी आल्या, बोटी बंद पडल्या आणि माणसाने उत्तर-दक्षिण रस्ता आखायला घेतला. ज्या क्षणी रस्ता किनाऱ्याला समांतर धावू लागला, त्या क्षणी प्रत्येक दाराचा खंदक झाला. खाडी तीच आणि पाणीही तेच, पण पूर्वी जिथून आत यायचे तिथे आता थांबायचे.

म्हणूनच पनवेलहून निघणारा जुना राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १७, ज्याला २०१० पासून ६६ हा क्रमांक आहे, तो कोकणात समुद्रापासून लांब, खाड्या जिथे अरुंद होतात तिथून नेला गेला. त्याला समुद्रकाठचा रस्ता म्हणणे ही थट्टाच आहे. कोकणच्या लांबलचक भागात त्या रस्त्यावरून समुद्र दिसतच नाही. तो दिसतो आपल्या कर्नाटकात. कुंदापूरच्या पुढे मरवंते येथे एका बाजूला अरबी समुद्र आणि दुसऱ्या बाजूला सौपर्णिका नदी, मधून रस्ता. कन्नड विभागातील माझ्या सहकाऱ्यांनी तिथले फोटो आम्हाला दाखवून पुष्कळ जळवले आहे.

महाराष्ट्रात खरा समुद्रकाठचा रस्ता व्हावा ही कल्पना बॅरिस्टर अंतुले यांची. स्वतः सावित्रीच्या काठच्या आंबेतचे. १९८० ते १९८२ या आपल्या मुख्यमंत्रिपदाच्या अल्प काळात त्यांनी रेवस ते रेड्डी सागरी महामार्गाची कल्पना मांडली. अलिबागजवळच्या रेवसपासून गोव्याच्या वेशीवरच्या रेड्डीपर्यंत, सुमारे पाचशे किलोमीटर. चाळीस वर्षे उलटली. रस्त्याचे तुकडे झाले, काही फार देखणे झाले. गणपतीपुळ्याजवळचा आरे-वारेचा तुकडा ज्याने पाहिला तो विसरणार नाही. पण ज्या कामासाठी रस्ता हवा होता ते कामच मागे राहिले. करंजा आणि रेवस यांच्यामध्ये धरमतरची खाडी, आगरदांडा आणि दिघी यांच्यामध्ये राजपुरीची, वेश्वी आणि बागमांडला यांच्यामध्ये बाणकोटची, दाभोळ आणि धोपावे यांच्यामध्ये वाशिष्ठीची, तवसाळ आणि जयगड यांच्यामध्ये शास्त्रीची. या ठिकाणी महामार्ग पाण्याशी येऊन उभा राहिला आणि बोटीची वाट पाहू लागला. गेल्या काही वर्षांत रस्ते विकास महामंडळाने या पुलांच्या निविदा काढून कामे हाती घेतली. उशिरा का होईना, आनंद आहे.

माझे म्हणणे एवढेच की हा क्रम उलटा झाला. आधी पूल, मग रुंदी. आपल्याकडे आधी रुंदीची चर्चा होते. किती पदरी रस्ता, मुंबईहून गोव्याला किती तास वाचणार, कुठे थांबून सूर्यास्त पाहता येणार. रस्ता ज्यांच्या परसातून जातो त्यांना मुंबई-गोवा तास वाचवायचे नाहीत. त्यांना पलीकडच्या काठावर जायचे आहे. तिथे कुणाचे माहेर आहे, कुणाचे कॉलेज आहे, कुणाचा दवाखाना. दाभोळच्या नावाने जगभर गाजलेला वीजप्रकल्पसुद्धा दाभोळात नाही, पलीकडे गुहागर तालुक्यात आहे!

कुणी म्हणेल, खाडीवर पूल म्हणजे काय खेळ आहे? नाही, खेळ नाही. पण २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा इंग्रजांच्या काळातील पूल पुरात वाहून गेला, एस. टी.च्या दोन गाड्या माणसांसह गेल्या, आणि जून २०१७ मध्ये तिथे नवा पूल वाहतुकीला खुला झाला. वर्षसुद्धा लागले नाही. नदीवरचा पूल आणि खाडीच्या मुखावरचा पूल यांत फरक आहे, हे मला कळते. तरीही मनात येतेच की जो पूल होता आणि पडला तो दहा महिन्यांत उभा राहतो, आणि जो कधी नव्हताच त्याला चाळीस वर्षे पुरत नाहीत. नसलेल्या पुलावरून कुणी पडत नाही, म्हणून त्याची बातमी होत नाही.

बाहेरच्या जगातील एक उदाहरण सांगतो. नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर अटलांटिक महासागराच्या तोंडाशी एक रस्ता आहे. त्याचे नावच अटलांटिक महासागर रस्ता. लांबी जेमतेम सव्वाआठ किलोमीटर, आणि तेवढ्यात आठ पूल! खडकाळ बेटांवरून उड्या मारीत तो आवेरॉय नावाच्या बेटाला मुख्य भूमीशी जोडतो. सहा वर्षे काम चालले, त्या मुदतीत बारा मोठी वादळे झाली, आणि १९८९ साली तो खुला झाला. पथकरातून कर्ज फिटले आणि १९९९ साली पथकर बंदही झाला. (हे वाक्य मी वर्गात वाचून दाखविले तेव्हा मुलांनी टाळ्या वाजविल्या.) आज जगभरचे प्रवासी तो पाहायला जातात. पण बांधला तो बेटावरच्या माणसांना पलीकडे जाता यावे म्हणून, देखावा आपोआप मिळाला. उलट आयर्लंडने २०१४ साली आपल्या अटलांटिक किनाऱ्याला प्रवासी आणायचे ठरविले तेव्हा नवा महामार्ग बांधलाच नाही. अडीच हजार किलोमीटरचे जुने, वळणावळणाचे गावरस्ते एका नावाखाली गोवले, जागोजागी पाट्या लावल्या आणि मोकळे झाले. प्रवाशाला पाटी पुरते, पूल लागतो तो रहिवाशाला. आपण मात्र प्रवाशासाठी डोंगर कापायला निघतो.

डोंगर कापण्याविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण ते आपल्याच राज्यात घडले. १६ जुलै २०२४ रोजी अंकोल्याजवळ शिरूर येथे महामार्गाला लागून असलेला डोंगर खाली आला. रुंदीकरणासाठी त्याचा पायथा कापलेला होता. चहाचे दुकान चालविणारे कुटुंब गेले, थांबलेल्या ट्रकांतली माणसे गेली. एक ट्रक गंगावळी नदीत गाडला गेला आणि तो चालकाच्या मृतदेहासह बाहेर काढायला दोन महिन्यांहून अधिक काळ लागला. त्यानंतर तीनच आठवड्यांनी, ७ ऑगस्टच्या मध्यरात्री कारवारला काळी नदीवरचा जुना पूल कोसळला. दोन्ही गोष्टी एकाच रस्त्यावर, एकाच जिल्ह्यात. एका ठिकाणी रुंदीची घाई झाली, दुसऱ्या ठिकाणी जुन्या पुलाकडे पाहायला कुणाला सवड झाली नाही. कोकणचा जांभा आणि त्याखालची माती पावसाळ्यात कशी वागते हे तिथला शेतकरी पिढ्यान्पिढ्या जाणतो. आम्हा काळ्या आणि तांबड्या सपाट जमिनीच्या माणसांना डोंगर म्हणजे स्थिर वस्तू वाटते. आराखडे करणारेही बहुधा सपाटीवरच बसलेले असतात.

पुलाला विरोध करणारेही आहेत आणि त्यांचे म्हणणे मी ऐकले आहे. खुद्द दाजीच त्यांपैकी. ते म्हणाले, "पूल होऊ द्या, मग बघा. मुंबईचे लोक येतील, जमिनी घेतील, कुंपणं घालतील. खाडीतल्या मच्छीमाराला विचारतंय कोण?" यात खोटे काही नाही. बोटीवर काम करणाऱ्यांचे काय, हाही प्रश्न आहे. मला यावर पुरते उत्तर सापडलेले नाही. एवढे दिसते की जमिनी विकत घेणारा माणूस पुलाची वाट पाहत थांबत नाही. त्याच्याकडे मोटार असते, तो वळसा घालून येतो. थांबतो तो ज्याच्याकडे मोटार नाही तो. अप्पांसारखा.

आता आपल्या जिल्ह्याचा स्वार्थ सांगतो. गुहागरहून चिपळूण, कऱ्हाड, विटा, जत असा विजयपूरपर्यंत येणारा रस्ता राष्ट्रीय महामार्ग झाला आहे, क्रमांक १६६ ई. विजयपूरहून सिंदगी, जेवर्गी, कलबुर्गी, हुमनाबाद, बीदर असा महामार्ग क्रमांक ५० आहे. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. निकितिनची महिनाभराची वाट कुणाच्या ध्यानीमनी नसताना पुन्हा आखली गेली आहे! तिचे तोंड खाडीच्या दक्षिण काठाजवळ येऊन थांबते. समोर दाभोळ.

कलबुर्गीच्या तूरडाळीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, कोकणच्या हापूसला त्याआधी २०१८ साली. डाळ तिकडे हवी, आंबा इकडे हवा. पण बीदरच्या बाजारात हापूसची पेटी येते ती वाशीच्या नाहीतर पुण्याच्या आडतीतून फिरून, आणि प्रत्येक मुक्कामाला तिची किंमत चढते. वाणिज्याच्या पहिल्या वर्षाच्या मुलालाही हा हिशेब मांडता येईल. सागरी महामार्गाच्या चर्चेत मात्र या पूर्व-पश्चिम वाटांचे नाव निघत नाही. जणू किनारा म्हणजे मुंबईपासून गोव्यापर्यंत ताणलेली एक दोरी आहे आणि घाटावर कुणी राहतच नाही.

केवळ बांधून भागत नाही, हेही आम्ही शिकलो आहोत. बीदर-कलबुर्गी रेल्वेमार्गाची वाट आमच्या पिढीने पाहिली. ११० किलोमीटरचा तो मार्ग २०१७ च्या ऑक्टोबरात सुरू झाला. रूळ आले, पण सुरुवातीला गाड्या अगदी मोजक्या. पुलांचेही तसे होऊ नये. पूल झाल्यावर त्यावरून मोटारी धावतीलच, पण चिपळूणहून दाभोळला थेट एस. टी. सुटेल का? कुणी तरी आत्तापासून विचारून ठेवावे.

कन्नडमध्ये महामार्गाला 'हेद्दारी' म्हणतात. हे म्हणजे थोरली, दारी म्हणजे वाट. मराठी माणसाच्या कानाला मात्र 'दारी' म्हटले की दारात असेच ऐकू येते. आमच्यासारख्या दोन्ही भाषांत वाढलेल्यांची यामुळे लहानपणी गंमत होई. शाळेत जाताना कन्नड शेजारीण "दारी नोडु" म्हणाली की मी मागे वळून दाराकडे पाहत असे. धोपाव्याच्या धक्क्यावर त्या रात्री मला ते आठवले. थोरली वाट तिथेच संपली होती आणि दार पलीकडे होते.

सकाळी पहिल्या बोटीने आम्ही गेलो. अप्पा बोटीत कठड्याला घट्ट धरून उभे होते. खाली उतरल्यावर म्हणाले, "एवढंच होतं व्हय?" अक्काचा ताप उतरला होता, पण ती हाडांचा सापळा दिसत होती. आम्ही रात्र कुठे काढली ते ऐकून ती आधी रडली, मग आमच्यावरच रागावली. चार दिवसांनी निघताना तिने विचारले, आता परत कधी येणार? मी म्हटले, पूल झाला की लगेच. ती हसली. "तवर आमची बदली होईल रे," म्हणाली.

बदलीचा अर्ज अजून पडून आहे.